राजकवी, लोककवी आणि आपले गाव



वार्षिक स्नेहसंमेलन जवळ आले की प्रत्येक शाळेत एका शिक्षकाकडे एक काम हमखास येते. ते म्हणजे प्रमुख पाहुण्यांसाठी स्वागतगीत लिहिण्याचे. थोडीफार यमके जुळवता येणारा शिक्षक दिसला की हे काम त्याच्या गळ्यात पडते. मी इतिहास शिकवतो, तरी गेली काही वर्षे ते माझ्या गळ्यात पडलेले आहे. पाहुण्यांचे नाव, गाव आणि हुद्दा एका चिठ्ठीवर लिहून मिळतो आणि दोन दिवसांत त्यांना ज्ञानाचा सागर आणि गरिबांचा आधार करून द्यावे लागते.

काही वर्षांपूर्वी असेच एक गीत मी लिहिले. मुलींनी ते पेटीच्या साथीवर छान म्हटले. टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, त्या पाहुण्यांनी गरिबांसाठी काय केलं? गाण्यात होतं म्हणून विचारते." मला उत्तर देता आले नाही. त्या गृहस्थांना मी त्यापूर्वी कधी पाहिलेही नव्हते. मुलीने प्रश्न खोडसाळपणे विचारला असता तर मी रागावून मोकळा झालो असतो. पण तिला खरोखरच माहिती हवी होती. गाण्यात जे असते ते खरे असते, असे ती समजून चालली होती.

त्या प्रश्नाने मला एका जुन्या विषयाकडे वळविले. राजाच्या पदरी राहून, पगार घेऊन कविता करणारे कवी जगभर होऊन गेले. आपण त्यांना राजकवी म्हणतो. फारसीत त्या पदाला 'मलिक-उश्-शुअरा' म्हणजे 'कवींचा राजा' असे भारदस्त नाव होते. हे पद कोणी निर्माण केले, त्यातून काय भले झाले, काय वाईट झाले, आणि राजे गेल्यानंतर आज एखाद्या गावाने असे पद निर्माण करावे काय, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. त्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. आपल्या जिल्ह्याच्या मातीतच या इतिहासाचे कितीतरी धागे आहेत.

प्रथम नगरच्या निजामशाहीकडे पाहू. इ. स. १५६५ मध्ये दक्षिणेतल्या सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरचा पराभव केला. ही लढाई आपण पाठ्यपुस्तकात तालिकोटची लढाई म्हणून वाचतो. या विजयावर हसन शौकी नावाच्या कवीने दखनी भाषेत एक दीर्घ काव्य रचले. त्याचे नाव 'फतहनामा निजामशाह'. नावावरूनच कळते की या काव्याचा नायक नगरचा हुसेन निजामशाह आहे. लढाई अनेकांनी मिळून जिंकली, पण कवी नगरचा म्हणून विजयही नगरचा झाला! तरीही या काव्याचे मोल मोठे आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात आजी-नानी जी दखनी बोलतात, ती साडेचारशे वर्षांपूर्वी दरबारात मानाने बसत होती, याचा तो पुरावा आहे. या भाषेला गावंढळ समजून लाजणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवावे.

पुढे दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहाच्या काळात जुहूरी आणि मलिक कुम्मी हे दोन नामांकित फारसी कवी नगरला होते. जुहूरीने आपले 'साकीनामा' हे प्रसिद्ध काव्य याच बुऱ्हाणशाहाला अर्पण केले. त्याच सुमारास, १५९१ साली, अकबर बादशहाने आपला एक वकील दक्षिणेत पाठविला. हा वकील म्हणजे अबुल फजलचा थोरला भाऊ फैजी. १५८८ पासून तो अकबराचा मलिक-उश्-शुअरा होता. म्हणजे मोगल दरबाराचा राजकवी आपल्या नगरला येऊन राहून गेला. राजकारणाच्या दृष्टीने त्याची वकिली फारशी सफल झाली नाही. पण नगरच्या या दोन कवींची भेट झाल्यावर त्याने बादशहाला लिहिलेल्या पत्रात त्यांची मोकळ्या मनाने प्रशंसा केली. ज्या दरबाराला नमविण्यासाठी तो आला होता, त्याच दरबारच्या कवींचे त्याने कौतुक केले! याच फैजीने १५८७ साली भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणिताच्या संस्कृत ग्रंथाचा फारसीत अनुवाद केला होता. विद्यार्थीमित्रांनो, विद्येला भाषेची आणि धर्माची भिंत नसते हे वाक्य आपण निबंधात लिहितो. फैजीने ते करून दाखविले.

येथपर्यंत राजकवीपदाची उजळ बाजू झाली. कवीला पोटाची चिंता राहिली नाही, ग्रंथ लिहून झाले, अनुवाद झाले, भाषा वाढली. हे राजाश्रयाचे उपकार नाकारता येणार नाहीत. पण नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे.

सतराव्या शतकात विजापूरला दुसऱ्या अली आदिलशाहाच्या दरबारी नुस्रती हा दखनीचा थोर कवी राजकवी होता. त्याने १६६५ च्या सुमारास 'अलीनामा' लिहिला. त्यात आपल्या धन्याने शिवाजी महाराजांशी आणि मोगलांशी केलेल्या लढायांचे वर्णन आहे. आता गंमत पाहा. जवळजवळ त्याच काळात आपल्याच जिल्ह्यातील नेवाशाचा एक पंडित शिवाजी महाराजांच्या आश्रयाने त्यांचे चरित्र संस्कृत काव्यात लिहीत होता. त्याचे नाव परमानंद. 'कवींद्र' ही त्याची पदवी आणि 'शिवभारत' हा त्याचा ग्रंथ. हा ग्रंथ पुढे तंजावरच्या ग्रंथसंग्रहात मिळाला आणि १९२७ साली पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे स. म. दिवेकर यांनी तो प्रसिद्ध केला.

म्हणजे काळ तोच, लढणारे तेच, पण राजकवी दोन. विजापूरचा राजकवी वाचला की अली आदिलशाह सूर्यासारखा तळपतो. नेवाशाचा कवींद्र वाचला की शिवाजी महाराज. दोघेही विद्वान, दोघेही आपापल्या धन्याशी प्रामाणिक. इतिहासाच्या अभ्यासकाला दोघेही हवे असतात, कारण तारखा, स्थळे, माणसे, शस्त्रे, रीतिरिवाज यांची माहिती दोघांकडेही आहे. पण त्यांपैकी एकालाच प्रमाण मानून चालता येत नाही. दोघांना समोरासमोर बसवून साक्ष घ्यावी लागते. हे मी वर्गात नेहमी सांगतो. आणि त्या सातवीतल्या मुलीने माझ्या गीताबाबत नेमके हेच केले होते. तिने राजकवीची साक्ष तपासून पाहिली!

राजकवीपदाचा दुसरा धोका असा की सिंहासन गेले की पदही जाते. मिर्झा गालिब यांचे नाव आपल्या घराघरांत आहे. १८५० साली दिल्लीच्या बहादुरशाह जफर यांनी त्यांना किताब दिले आणि तैमूर घराण्याचा इतिहास लिहिण्याचे काम सोपविले. महिना पन्नास रुपये ठरले. १८५४ मध्ये जौक वारल्यावर बादशहाच्या कवितेचे उस्ताद म्हणूनही गालिबच आले. पण तीनच वर्षांनी १८५७ चा उठाव झाला. बादशहा रंगूनला हद्दपार झाले आणि दरबारही संपला आणि पगारही. इंग्रजांकडून मिळणारी घराण्याची पेन्शनही बंद पडली. ती पुन्हा सुरू होण्यासाठी १८६० साल उजाडावे लागले. एवढ्या मोठ्या कवीला त्या दिवसांत उसनवारीवर दिवस काढावे लागले. पण त्यांच्या गझला टिकल्या. बादशहाने सांगून लिहवून घेतलेला तो इतिहास मात्र आज थोड्या अभ्यासकांनाच ठाऊक आहे.

आता आपल्या अगदी उंबऱ्याशी येऊ. राजाश्रय न घेता मोठे झालेले दोन कवी आपल्या जिल्ह्याने दिले. एक श्रीगोंद्याचे शेख महंमद. 'योगसंग्राम' हा त्यांचा मराठी ग्रंथ १६४५ सालचा. जन्माने मुसलमान, सूफी परंपरेतले, आणि लिहिले ते येथल्या रयतेच्या मराठीत. भोसले घराण्याने त्यांच्या मठाला आश्रय दिला असे परंपरा सांगते. पण त्यांच्या ग्रंथाचा नायक कोणी राजा नाही. माणसाच्या मनात चाललेला झगडा हाच त्यांचा संग्राम. आपल्या समाजातील मुलांना मराठी ही दुसऱ्याची भाषा वाटू नये असे ज्यांना वाटते, त्यांनी हे नाव घरी अवश्य सांगावे.

दुसरे महिपती. ते आपल्या राहुरी तालुक्यातील ताहाराबादचे. जन्म १७१५, निधन १७९०. गावचे कुलकर्णीपद त्यांच्याकडे होते. परंपरेने चालत आलेली कथा अशी की, एकदा ते पूजेला बसले असता जहागीरदाराचा शिपाई बोलावणे घेऊन आला. पूजा आटोपून येतो म्हटले तर तो ऐकेना. महिपती उठून गेले, काम पुरे केले, आणि परत येऊन त्यांनी कानावरची लेखणी देवापुढे ठेवली. यापुढे ही लेखणी सरकारी कामाला लावणार नाही आणि आपल्या वंशातही कोणी लावू नये, असे त्यांनी ठरविले. त्यानंतर त्या लेखणीतून उतरले ते 'भक्तविजय' (१७६२) आणि 'भक्तलीलामृत' (१७७४) यांसारखे संतचरित्रांचे ग्रंथ. गावोगावी देवळांत ते पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले.

जहागीरदार मुसलमान होता आणि महिपती हिंदू, म्हणून या कथेचा कोणी भलता अर्थ लावू नये. महिपतींच्याच ग्रंथांत कबीर आहेत आणि श्रीगोंद्याचे शेख महंमदही आहेत. देहूला तुकोबांच्या कीर्तनाच्या मंडपाला लागलेली आग शेख महंमदांनी श्रीगोंद्यात बसून विझविली, ही कथा त्यांनीच आदराने सांगितली आहे. महिपतींचे भांडण जातीशी नव्हते. त्यांचे म्हणणे एवढेच होते की लेखणीला धनी एकच असावा, आणि तो हुकूम सोडणारा अधिकारी नसावा.

मग राजकवीपद मुळातच वाईट काय? तसे म्हणता येत नाही. यासाठी मराठी माणसांच्या राज्यातील अगदी अलीकडचे उदाहरण पाहू. बडोदे संस्थानात राजकवी नेमण्याची प्रथा होती. सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९०६ साली आपल्या सबंध संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, हे शिक्षणप्रेमी वाचकांना ठाऊकच आहे. त्याच बडोद्याचे राजकवी चंद्रशेखर (१८७१–१९३७) होते. ग्वाल्हेरला भा. रा. तांबे राजकवी होते. चंद्रशेखरांच्या पश्चात १९४० साली बडोद्याचे राजकवी झाले ते यशवंत, म्हणजे यशवंत दिनकर पेंढरकर. त्यांचा जन्म १८९९ साली सातारा जिल्ह्यातील चाफळ येथे झाला. प्रतापसिंहराव महाराजांच्या राज्यारोहणानिमित्त त्यांनी 'काव्यकिरीट' हे काव्य लिहिले.

पण यशवंतांची आठवण आज महाराष्ट्राला कशामुळे आहे? आपल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. ते शाळेत पाठ केलेली आईवरची कविता सांगतील. आई नसलेल्या मुलाचे दुःख तीत आहे. ती म्हणताना वर्गातली मुले रडत असत. या कवीने येरवड्याच्या बालगुन्हेगारांच्या सुधारशाळेत नोकरी केली होती. तेथे पाहिलेल्या मुलांवर त्यांनी 'बंदीशाळा' (१९३२) हे खंडकाव्य लिहिले. राजाच्या मस्तकावरचा किरीट लोक विसरले, बंदीशाळेतला पोर आणि पोरका मुलगा विसरले नाहीत. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. यशवंत १९८५ पर्यंत हयात होते. संस्थान गेले तरी लोकांनी 'राजकवी' ही पदवी त्यांच्या नावामागून काढून घेतली नाही. राजाने दिलेली पदवी लोकांनी कायम केली, असे मी म्हणेन.

इंग्लंडातही हे पद आहे. १६६८ साली जॉन ड्रायडन तेथे पहिले अधिकृत राजकवी झाले. पुढे राजा बदलला. नव्या राजाची शपथ घेण्यास त्यांनी धर्मश्रद्धेमुळे नकार दिला आणि पद गमावले. पोटापेक्षा मन मोठे मानणाऱ्या या कवीची गोष्ट मला महिपतींच्या गोष्टीची सख्खी बहीण वाटते. पूर्वी तेथे नेमणूक तहहयात असे. १९९९ पासून ती दहा वर्षांची झाली आणि २००९ साली कॅरल ॲन डफी या पहिल्या महिला राजकवी झाल्या. पहिल्या बाईंना तेथे पोचायला ३४१ वर्षे लागली, हेही मुलींनी टिपून ठेवावे.

आपल्या देशात स्वातंत्र्यानंतर राजे गेले, पण काही राज्य सरकारांनी ही परंपरा नव्या रूपात चालविली. मद्रास सरकारने १९४९ साली नामक्कल रामलिंगम पिळ्ळै यांना सरकारचे आस्थानकवी नेमले. कर्नाटकाने १९६४ साली कुवेंपु यांना 'राष्ट्रकवी' हा सन्मान दिला. अमेरिका-कॅनडात तर शहरेच आपापले कवी नेमू लागली. सॅन फ्रान्सिस्को शहराने १९९८ साली लॉरेन्स फर्लिंगेटी यांना पहिले नगरकवी केले. टोरंटोने २००१ साली डेनिस ली यांना. फर्लिंगेटी यांनी पद स्वीकारतानाच्या भाषणात शहराची आरती ओवाळली नाही. हे शहर मोटारींचे आणि श्रीमंतांचे होत चालले आहे, गरिबांना आणि कलावंतांना येथे राहणे परवडेनासे झाले आहे, असे त्यांनी सुनावले. आणि शहराने ते ऐकून घेतले. राजकवी आणि नगरकवी यांतला फरक येथे दिसतो. राजकवी राजाचा असतो. नगरकवी नगरपित्यांचा नव्हे, नगराचा असावा.

आता आपल्या देवळाली प्रवराकडे वळतो. आपले गाव लहान असले तरी येथे नगरपरिषद आहे. अशा गावाने एक नगरकवी नेमायचे ठरविले तर कायद्याचा डोंगर कोसळणार नाही आणि तिजोरीही रिकामी होणार नाही. पण वरील इतिहास पाहता चार अटी मला आवश्यक वाटतात. पहिली, मुदत दोन वर्षांची असावी. मग दुसऱ्याला संधी. दुसरी, मानधन थोडे असावे, पण ते वेळेवर मिळावे. कवीला ते मागण्यासाठी कोणाच्या दारी जावे लागू नये. तिसरी, निवड पदाधिकाऱ्यांनी न करता गावातील शिक्षक, ग्रंथालयाचे वाचक आणि जाणकार स्त्री-पुरुषांनी करावी. आणि कविता मराठी, उर्दू, दखनी यांपैकी कोणत्याही बोलीतली चालावी. चौथी अट सर्वांत महत्त्वाची. कोणाही व्यक्तीचे स्तुतिगीत लिहिण्याचे काम त्याच्याकडे कधीही मागू नये.

मग त्याने करावे तरी काय, असा प्रश्न कोणी विचारील. करण्यासारखे पुष्कळ आहे. त्याने शाळाशाळांतून जावे, मुलांना लिहिते करावे. म्हाताऱ्या बायकांच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या आणि लग्नातली दखनी गाणी उतरवून घ्यावी. ती आता त्यांच्याबरोबरच निघून चालली आहेत. कालव्याच्या आवर्तनाची वाट पाहणारा शेतकरी, थंडीत पहाटे उसाच्या फडात जाणारी तोडणीवाली बाई आणि तिच्या पाठीमागे शाळा सुटलेले पोर, यांच्यावर लिहावे. पन्नास वर्षांनी एखादा इतिहासाचा शिक्षक आपल्या गावाविषयी साधने शोधू लागला तर त्याला ठरावांची इतिवृत्ते मिळतील, जन्म-मृत्यूची नोंदवही मिळेल. पण माणसे काय भोगत होती हे त्याला कोण सांगणार?

पालकांना एक विनंती करतो. आपला मुलगा किंवा मुलगी वहीच्या मागच्या पानावर काही ओळी लिहिताना सापडली की आपण म्हणतो, "अभ्यास सोड आणि हे धंदे कर!" आपली काळजी मला समजते. हातावर पोट असलेल्या घरात मुलाच्या नोकरीचा विचार आधी येणारच. पण फैजी कवी होता म्हणून गणितात कच्चा राहिला नाही, आणि यशवंतांनी कविता केली म्हणून नोकरी सोडली नाही. त्या मागच्या पानावरून एकदा नजर फिरवा. ते पान फाडू नका.

राहता राहिली त्या स्वागतगीताची गोष्ट. त्या प्रश्नानंतर पुढच्या वर्षी मी मुख्याध्यापकांना विचारले, "सर, यंदा पाहुण्यांऐवजी गावावर गीत केले तर चालेल काय?" ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "करा. पण लांबवू नका." मी ते काम मुलांकडे दिले. मुलांनी लिहिलेल्या गीतात मात्रा चुकल्या होत्या, एक यमक तर ओढूनताणून आणलेले होते. पण त्यात बाजाराचा दिवस होता, पावसाळ्यात गळणारा एक वर्ग होता, आणि शाळेची घंटा वाजविणाऱ्या शिपाईमामांचे नाव होते.

कार्यक्रम सुरू असताना शिपाईमामा दाराशी उभे होते. आपले नाव ऐकून त्यांनी टोपी काढून पुन्हा नीट घातली. त्या गीताबद्दल दुसऱ्या दिवशी वर्गात कोणी काही विचारले नाही. विचारण्यासारखे काही उरलेच नव्हते. त्यात लिहिलेले सगळे खरे होते.